मंदाकिनीच्या बाजूने

मुक्ता, ओम — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला तर नाहीच. आत्ताच का सांगते? गेल्या रविवारी फोनवर मुक्ता रडत होती. तिच्या आवडत्या मालिकेतल्या मुलीला मैत्रिणीने स्वार्थी म्हटलं, म्हणून हिने मैत्रिणीशी बोलणं टाकलं होतं. आणि मी — आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई — लगेच ऐकवलं, खोट्या माणसांपायी खऱ्या माणसांशी भांडतात का? फोन ठेवल्यावर मला चहा गेला नाही. कोणत्या तोंडाने बोलले मी?

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हट्टा गावातल्या आमच्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या. वीज गेली तरी आमच्याकडे इन्व्हर्टर. त्या मालिकेत एक मंदाकिनी होती. तान्हं लेकरू आईजवळ ठेवून ती शहरात शिकायला जाते. माझी फार लाडकी. तुम्ही हसाल — तिच्या परीक्षेच्या दिवशी मी उपास धरला होता. हो, मीच.

शेजारची कौसल्या शेंगा फोडत बघायची. एक दिवस म्हणाली, "लेकरू टाकून जाती अन् म्हणं शिकायला! आमची म्हैस बी वगारीला सोडून ऱ्हात न्हाई." सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले — हो, हसले. आणि आतून जळत होते.

का, ते तुम्हाला माहीत नाही. तुमचा बाबा दीड वर्षाचा होता, तेव्हा त्याला नरसीला माझ्या बहिणीकडे ठेवून मी नांदेडला बी.एड.ला गेले होते. परत आले तेव्हा तो मला मावशी म्हणाला. कौसल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती टीव्हीतल्या बाईबद्दल बोलत होती. मला हे तेव्हाही कळत होतं — मग?

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पापड एकमेकींच्या घरी जाऊन लाटतात. कुणाचा नंबर कधी, ते माझ्या वहीत. आदल्या दिवशी मी सांगायचं, सकाळी बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. त्या वर्षी कौसल्याच्या मुलीचं लग्न होतं, रुखवताचे पापड करायचे होते. तिने मंगळवार सांगितला होता. मी वहीत सोमवार लिहिला — पुढच्या आठवड्याचा. बायकांनाही तसंच सांगितलं.

मंगळवारी तिने पाच किलो उडदाचं पीठ भिजवलं, कुटलं, लाट्या केल्या. कुणी आलं नाही. दुपारी तेलाचे हात तसेच घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. "बाई, कोणीच आलं न्हाई. काहून?"

मी वही दाखवली. सोमवार.

तिला वाचता येत होतं. पण बाईंच्या वहीवर शंका घ्यायची या गल्लीत रीत नाही. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीच चुकले आसंल. लग्नाच्या गडबडीत डोस्कं ठिकाणावर न्हाई." मायलेकींनी दोघींनीच जमतील तेवढे लाटले. उरलेलं पीठ वैशाखाच्या उन्हाने आंबलं, आणि सोमवारसाठी पुन्हा पीठ करायला लग्नाच्या खर्चातून पैसे उरले नव्हते. रुखवतात वसमतच्या दुकानातले पापड मांडावे लागले, आणि वराकडच्या एका बाईने सगळ्यांदेखत विचारलं, "विहीणबाई, तुमच्या गल्लीत लाटणी न्हाईत का?" कौसल्या मान खाली घालून उभी होती. मी तिच्या शेजारीच होते. जरीचं लुगडं नेसून.

आता ऐका. मंदाकिनी बरोबर होती — हे मी आजही कुणापुढेही म्हणेन. मीही बरोबर होते. माझ्या त्या पगारावर तुमचा बाबा इंजिनिअर झाला. मला त्या जाण्याची लाज नाही, आणि वाटून घेणारही नाही. आवडत्या माणसाला, मग ते लिहिलेलं का असेना, कुणी बोललं तर लागतं. लागू दे. मुक्ता, तू चुकली नाहीस; निदान तू तोंडावर भांडलीस. मला ते जमलं नाही. त्याच संध्याकाळी, बायकांच्या हसण्यात, मी म्हणू शकले असते — कौसल्या, मीही लेकरू ठेवून गेले होते, बोल आता. नाही म्हटलं. वर्गात पोरींना धीट व्हा म्हणून शिकवणारी मी — एका वाक्याला भ्यायले, आणि शाईने सूड घेतला.

कौसल्या अजून शेजारीच राहते. पूर्वी सबंध गल्लीची लग्नं, बारशी, तिथी तिच्या तोंडपाठ असायच्या. आता उन्हाळा आला की ती आपला पापडाचा वार मला विचारते, घरी जाते, आणि परत येऊन पुन्हा एकदा विचारते.