माझ्या जावेची डॉक्टरेट आणि मी खोडलेली आठ पानं

गेल्या शनिवारी अंबाजोगाईच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये माझ्या धाकट्या जावेचा सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या... दात आवळून.

खोटं कशाला बोलू? गेली पाच वर्षं मी विमलवर जळते आहे.

विमल घाटनांदूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटी शिकवायची, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. मी औरंगाबादला नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, परळीत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. घरात अभ्यासू कोण, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता.

माझी स्वतःची पीएचडी तिसऱ्या प्रकरणात अडकली आणि तिथेच राहिली. आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर ही बाई मला म्हणते, "अक्का, मी बी पीएचडी करते. खेळांच्या इतिहासावर." मला हसू आवरेना. खो-खोला कसला आलाय इतिहास? पळाले, शिवलं, बसले!

ती काही हसली नाही. सुट्टी लागली की वही आणि रेकॉर्डर घेऊन निघायची... जत्रेतल्या कुस्त्या, जुन्या तालमी, ऊसतोडीच्या टोळ्या. लिहून झालेलं प्रत्येक प्रकरण इंग्रजी तपासायला माझ्याकडे यायचं. चार वर्षं मी लाल पेनाने तिची क्रियापदं सरळ करत बसले.

मग तिला डिग्री मिळाली. पाठोपाठ कॉलेजांत व्याख्यानं, एका परदेशी युनिव्हर्सिटीचं आमंत्रण, विमानाचं तिकीट... माझं ठाम मत होतं की यातली निम्मी डॉक्टरेट माझी आहे. प्रबंध हातात आल्यावर मी पहिलं आभाराचं पान उघडलं. माझं नाव टायपिंग करणाऱ्याच्या खाली, एक ओळ. एक! पुढचं पान मी उलटलंच नाही.

शनिवारी मी गेले ती एवढ्याचसाठी, की निदान चारचौघांत ती माझं नाव घेते का ते बघावं.

तिने माईक हातात घेतला आणि सुरुवातच केली ती मी खोडलेल्या आठ पानांनी.

ती पानं मला चांगली आठवत होती. ऊसतोडीला गेलेल्या आपल्याकडच्या बायका, कारखाना साफसफाईला बंद असला आणि पुरुष बाजाराला गेले की उसाच्या फडावर कबड्डी खेळतात. गावात सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर हलू न देणाऱ्या बायका! पदर कमरेला खोचून उतरतात. आणि चढाईला जाणारी बाई 'कबड्डी कबड्डी' म्हणत नाही... नवऱ्याचं नाव घेते. उखाण्यात गुंफून वगैरे नाही, नुसतं नाव, एका दमात, परत येईपर्यंत. दम तुटला की बाद. लांबून सासरचं कुणी येताना दिसलं की सगळ्या मटकन खाली बसून डाळ निवडायला लागतात.

मी त्या पानांवर आडवी रेघ मारून लिहिलं होतं, "गावगप्पा. पुरावा काय? काढून टाक." तेव्हा विमल म्हणाली होती, "कावून हो अक्का? मला तर हेच लई आवडलं हाय." मी म्हटलं, "प्रबंध आहे हा, हळदीकुंकू नाही." तिने पानं उचलून पिशवीत घातली. मला वाटलं, ऐकलं.

कसलं ऐकतेय! त्यानंतर दोन हंगाम ती पुन्हा टोळ्यांबरोबर गेली, त्यांच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहिली. हॉलमध्ये तिने तिथलंच रेकॉर्डिंग लावलं. एका बाईचा आवाज, "भानुदास भानुदास भानुदास भानुदास..." आणि मागून दुसरी ओरडते, "धरा गं हिला! घरात तोंड उघडत न्हाई, अन् हितं बघा!"

आख्खा हॉल खदखदून हसला. मग हळूहळू शांत झाला... कारण तो आवाज थांबतच नव्हता.

ही आठ पानं प्रबंधात तशीच राहिली होती आणि परदेशातलं ते आमंत्रण त्यांच्यासाठीच आलं होतं, हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. मी सुधारलेल्या क्रियापदांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

वर विमल म्हणाली, "ही पानं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी खोडली होती. 'पुरावा काय' असं लिहिलं होतं त्यांनी. म्हणून तर मी परत गेले. नाहीतर हे रेकॉर्डिंग झालंच नसतं." सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. हा टोमणा असता तर मी सहन केला असता. पण विमलला टोमणा मारता येत नाही, हीच तर माझी तिच्याबद्दलची खरी तक्रार आहे.

परत येताना गाडी आमचे हे चालवत होते, मागे आम्ही दोघी. न राहवून मी विचारलं, "सगळ्यात लांब दम कुणाचा होता गं?"

"ते सांगते की. आदी तुमी एकदा घेऊन बघा, अक्का."

पुढून हे म्हणाले, "घे घे. मलाही कळू दे, नाव पाठ आहे का ते!"

मी तोंड उघडलं. कॉन्व्हेंट झालं, बत्तीस वर्षं वर्गात खड्या आवाजात शिकवून झालं, चाळीस वर्षं संसार झाला... आणि 'अहो'च्या पुढे काही निघेना. विमल खिडकीबाहेर बघत होती, खांदे मात्र गदगदा हलत होते.

विमलच्या डॉक्टरेटवर मी अजून जळतेच, उगाच सज्जनपणाचा आव आणत नाही. त्यात आता त्या बायकांची भर पडली आहे... दिवसभर मोळ्या वाहूनही त्यांच्याकडे उरलेल्या त्या दमाची. त्यांनी तो विमलला ऐकू दिला, आणि मी रेघ मारूनही तो माझ्या कानापर्यंत आला, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.