वल्लं लाकूड

अक्का लाकडाला कान लावायच्या. दोन ढलप्या एकीवर एक हानायच्या, डोळे मिटायच्या आन् ऐकायच्या. टनाक वाजलं तर चुलीत, भद्द वाजलं तर परत उन्हात. गाव त्यांला टनाक अक्काच म्हनायचं. माझी थोरली जाऊ त्या. लेकरूबाळ न्हाई. हदगावकडच्या ह्या गावात मी सून म्हनून आले, तवापासून आमी दोघी एकाच चुलीवर.

आधी त्या चार बायांसारख्याच, फुंकून फुंकून भाकरी करायच्या. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या साली भादव्यात थोरले भावजी, अक्कांचे मालक, गेले. पाऊस लागून राहिला व्हता, लाकडं समदी वल्ली. बायांनी वढ्याकाठच्या मसनवट्यात जायची रीत न्हाई. अक्का माळवदावर उभ्या राहून वढ्याकडं बघत व्हत्या. सांज झाली तरी तिकडून निसता पांढरा धूर. जाळ म्हनून दिसंना. गडीमानसं तीनदा राकेल न्यायला घरी आली. तिसऱ्या बारीला घरात राकेल न्हवतं, तर अक्कांनी चिमनीतलं काढून दिलं. रडल्या न्हाईत. निस्तं म्हनल्या, “लाकूड कुनी बघितलंच न्हाई.”

तवापासून त्या बघायला लागल्या.

मी बांधावरून मोळी आनली की त्या मोळी सोडायच्या. “हे लाकूड व्हय गं पारू? ह्याच्यात अजून झाड जितं हाय की.” मग दाखवायच्या, टोकाला चिरा पडल्यात का, साल नखानं सुटती का, हातात हलकं लागतंय का. येवढं करून बी मन धजंना तर वाजवायचं. आमच्या चुलीला धूर म्हनून नसायचा. शेजारच्या बाया हेवा करायच्या. मला मात्र त्याचं दुखनंच व्हतं. दुसऱ्या सुनांला माहेर आठवलं तर धुराच्या नावावर रडून घेता यायचं. मला ती सोय न्हवती.

गावात कुनी गेलं की सरनाची लाकडं गाडीत भरायच्या आधी अक्कांला बोलावनं यायचं. त्या मयताच्या दारात बसून एक एक लाकूड वाजवायच्या. गडी कावायचे. एकजन म्हनला, “अक्का, मेल्या मानसाला काय कळतंय, वल्लं का वाळलं?”

“त्याला न्हाई कळत, बाबा,” अक्का म्हनल्या. “माळवदावर जी उभी हाय ना, तिला कळतंय.”

माझी सुमी तापानं गेली. दोन वर्साची व्हती. येवढ्या लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात. अक्कांला तिथं काईच काम न्हवतं. मला रडू येईना. चौथ्या दिवशी चुलीपुढं बसले. सासरा बाहेर जेवायला बसलेला. अक्का उठल्या, परसातल्या लिंबाची हिरवी फांदी मोडून आनली आन् चुलीत सारली. घर धुरानं भरलं.

“फुंक,” म्हनल्या.

मी फांदी बाहेर वढायला गेले.

“फुंक गं. धूर झालाय. डोळ्यातून पानी येनारच.”

मी फुंकत राहिले आन् रडत राहिले. अक्का पाठीला हात लावून बसल्या. बाहेरून सासरा वरडला, “आज धूर कामून गं येवढा?”

“माझी चूक, मामाजी,” अक्कांनी हाळी दिली. “वल्लं लागलं हाताला.”

पुढं माळवद जाऊन स्लॅब पडला, घरात गॅस आला. अक्कांचे कान गेले. मग त्या लाकूड गालाला लावायच्या. गार लागलं की वल्लं. गोठ्यात त्यांनी बाभळीचा एक ढीग झाकून ठेवला व्हता. “हे माझं. ह्याला कुनी हात लावायचा न्हाई,” म्हनायच्या. आन् मला एकटीला म्हनायच्या, “पारू, मला धुरात ठेवू नगं.” मी म्हनायचे, “न्हाई ठेवत.”

गेल्या पावसाळ्यात आठ दिवस झड लागली. त्यात शेजारची तरनी सून गेली. अक्कांनी आपला ढीग त्यांच्या गाडीत भरायला लावला. मी त्यांच्या कानात वरडले, “अक्का, आन् तुमचं?”

“मी हाय की अजून. दुसरं वाळवू.”

पंधरा दिवस बी झाले न्हाईत. ऊन पडलं न्हाई, आन् अक्का गेल्या.

माझ्या लेकानं, दत्तानं, ट्रॅक्टरभर लाकूड आनलं. मी ट्रॅक्टरला आडवी झाले. वाजवलं, भद्द. गालाला लावलं, गार.

“आई, मानसं खोळंबल्यात. डिझेल वततो, पेटतंय,” दत्ता म्हनला.

“एक थेंब वतायचा न्हाई. गोठ्याचं आढं काढ.”

“गोठा बसंल की सगळा!”

“बसू दे. बैल कुठं हायत आता?”

मग दत्तानंच कुऱ्हाड आनली. आढं उतरलं, दोन मेढी निघाल्या. सासऱ्याच्या बापाच्या हातचा सागवान. मी कुऱ्हाड उलटी धरून तिच्या तुंब्यानं हानलं. टनाक. तिरडीजवळच्या बायांनी माना वर केल्या.

अक्कांला न्हेलं. मी स्लॅबवर जाऊन उभी राहिले. पाऊस उघडला व्हता. वढ्याकडं बघत राहिले. लई येळ बघितलं. धूर आलाच न्हाई.

बरं वाटलं. पर डोळ्याला पानी काई येईना.

खाली उतरले. मसनवट्यातून येनाऱ्यांला आंघोळीला पानी लागतंय, म्हनून न्हानीमागची चूल पेटवली. ट्रॅक्टरातलं एक लाकूड उचललं. वाजवलं. भद्द वाजलं. तेच चुलीत सारलं.

“आत्या, वल्लं हाय ते,” माझी सून म्हनली.

“ठाव हाय,” म्हनले, आन् फुंकायला बसले.