कोकरांना बसेल असं मॉडेल

गुणमाला मगदूम सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. माधवनगरहून स्कूटरवर येतात. संशोधन करणारी पोरं त्यांच्याकडे "मॅडम, जरा उत्तर काढून द्या" म्हणत येतात, आणि मॅडम उत्तर सोडून भलतंच विचारत बसतात.

आटपाडीची क्रांती अशीच आली. तिनं चुलत्याच्या कळपातली कोकरं महिन्याच्या महिन्याला तोलली होती. निम्म्यांना नवा खुराक, निम्म्यांना नुसती चराई. गाईड सरांनी त्या वजनांना एक साधं संख्याशास्त्रीय मॉडेल लावलं होतं आणि निकाल झकास होता. शेवटच्या महिन्यात खुराकाची कोकरं भारी ठरली होती.

"हे मॉडेल काय म्हणतंय, ठाऊक आहे?" गुणमालाबाई म्हणाल्या. "जन्मताना कोकराकोकरांत जेवढा फरक, तेवढाच मोठेपणी. आणि पहिल्या महिन्याचं वजन दुसऱ्याशी जेवढं जुळतं, तेवढंच शेवटच्याशी. पटतंय?"

क्रांती हसली. "न्हाई ओ मॅडम. बारकी असताना समदी सारखीच. नंतर एक गरगरीत, एक काटकुळं."

"मग तेच संगणकाला सांगूया."

मॉडेल निवडताना निकालाकडे बघायचं नाही, हा बाईंचा नियम. निकाल पडद्याच्या खालच्या अर्ध्यात यायचा; त्यावर त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण धरलं. क्रांतीला हसू आवरेना.

पहिल्यांदा त्यांनी सगळंच मोकळं सोडलं: कोकराकोकरांतला फरक दर महिन्याला वेगळा, महिन्यांच्या दर जोडीचं नातं वेगळं. सॉफ्टवेअर बराच वेळ घुटमळलं आणि हात टेकून बसलं. कोकरं थोडी, मागण्या फार. मग लगतच्या महिन्यांचं नातं घट्ट आणि लांबच्यांचं सैल, एवढंच सांगितलं. ते चाललं. त्यात कोकराकोकरांतला फरक दर महिन्याला वेगळा धरला, तेव्हा एआयसी आणखी घसरला. हा आकडा मॉडेलला गुण देतो आणि फुकटच्या गुंतागुंतीला दंडही करतो. जितका कमी तितकं बरं.

"हेच," म्हणत बाईंनी झाकण काढलं.

शेवटच्या महिन्यातला खुराकाचा फरक गायब झाला होता. क्रांतीचं तोंड एवढंसं झालं. "सरांचंच ठेवूया का?"

बाईंना तिची दया आली, पण त्या नाही म्हणाल्या आणि चहा सांगायला गेल्या. परतल्या तर पोरगी पडद्याला नाक लावून बसलेली.

"मॅडम, पहिल्या दोन महिन्यांत बघा की. इथं फरक दिसतोय. आधी नव्हता."

खरंच होतं. सरांच्या मॉडेलात मोठेपणीच्या वजनांच्या गोंधळाखाली लहानपणीचा खुराकाचा फरक दबून गेला होता. गुणमालाबाई चहा विसरून स्वतःच पडद्याला नाक लावून बसल्या. सरांनी कुरकुर केली, पण प्रबंधात तेच गेलं.

पुढं क्रांतीनं त्यांना आटपाडीला जेवायला नेलं. चुलता, हरिबा, खूश होता. "लहानपणी द्यायचा खुराक, मग बंद. नंतर काय उपेग न्हाई."

"तसं नाही, हरिबा. नंतर फरक दिसला नाही, एवढंच. नाहीच असं नाही म्हणता येत."

"आवं, दोन्ही एकच की."

"एक कसं असेल?" बाई सरसावून बसल्या.

हरिबानं शांतपणे एक कोकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ताटं वाढायला सांगायला आत गेला. बाई मग कोकरालाच समजावू लागल्या.