पुढे द्यायची सीडी

दारव्ह्याला आमच्या गल्लीत एक कॉम्प्युटरवाला राहायचा. सगळ्यांनी मिळून लिहिलेलं, फुकट वाटायचं सॉफ्टवेअर हाच त्याचा धर्म. चहा पाजला की त्याचं मत मिळायचं, नाही पाजला तरी मिळायचं. "सर, घरची सरकी पेरनं गेलं, आता बियाण्याचं पाकीट दरसाल इकत घ्या लागते. कॉम्प्युटरचं तरी तसं नका होऊ देऊ. ही सीडी घ्या, कॉपी करा आन् पुढे द्या."

मी कॉपी करायला विसरलो. पुढे मात्र ताबडतोब दिली, बोरी अरबच्या मेव्हण्याला.

मग माझा कॉम्प्युटर सुरूच होईना. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो आत, आणि बायको माझ्याशी बोलेना. त्यानं येऊन नाडी पाहिल्यासारखं स्क्रीनकडे पाहिलं. "फोटो जिते आहेत. सीडीवरून मशीन चालू करू अन् काढून घेऊ. माह्याजवळची शेवटची तुमालेच देल्ली होती. आना."

त्याला मागे बसवून स्कूटरवरून बोरी अरब गाठलं. मेव्हण्याच्या कपाशीत सीडी काठीला टांगलेली, उन्हात गरगर फिरत होती.

तो रागावेल म्हणून मी मेव्हण्याच्या मागे उभा राहिलो. त्यानं एवढंच विचारलं, "हरनं येतात काय आता?"

"नाई ना भाऊ," मेव्हणा म्हणाला. "हे टांगल्यापासून फिरकले नाई."

त्यानं काठी हलवून घट्ट आहे का ते पाहिलं.

"मंग राहू द्या. चालत्या सिस्टीमले हात नाई लावत."

"आणि फोटो?" मी विचारलं.

"ते कुठी जात नाईत, सर. दुसरी सीडी पोस्टानं मागवतो."

बायकोला हे कुठून सांगायला सुरुवात करावी, ते मला दारव्हा येईपर्यंत सुचलं नाही.