करमंना

आमच्या पैठणकडं दुःख झालं असं कुणी म्हणत नाही. ते पेपरात छापायला ठीक. माणूस गेलं, लेक सासरी गेली, दावणीची म्हैस विकली, सगळ्याला एकच शब्द: करमंना. मन कशातच लागत नाही, एवढाच अर्थ. खोड एकच. कुणाला करमंना, ते सांगायची पद्धत नाही; ऐकणाऱ्यानं ओळखायचं. आणि मी ओळखायला चुकले.

बाबा गेल्यावर आईला मी पुंडलिकनगरला माझ्याकडं आणलं. नवरा सकाळीच वाळूजला कंपनीत जातो, मग दिवसभर आम्ही दोघीच. जेवणं झाली की आई गॅलरीच्या दाराशी बसायची आणि म्हणायची, "करमंना गं." मी म्हणायची, "करमंल हळूहळू." टीव्ही लावून दिला, शेजारणीबरोबर भजनाला धाडलं, नळाला पाणी आलं की मुद्दाम पिंप भरायला लावलं. ती सगळं हौसेनं करायची, पोटभर जेवायची, घोरून झोपायची. आणि दुपारी पुन्हा तेच. शेवटी वैतागले.

"आई, अजून काय करू म्हणजे करमंल तुला?"

"मला? मला काय धाड भरलीय? मला मस्त करमतंय. तुझ्या बाबांना करमंना."

भर दुपार, खाली भंगारवाला ओरडतोय, आणि आई रिकाम्या गॅलरीकडं बघून मान हलवतेय, कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकून घेतल्यासारखी. वय झालंय, मी स्वतःला समजावलं. पण दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली. "ताई, वडील आलेत का तुमचे? दुपारी लई खोकतात हो. आलं-मध द्या." मी म्हणाले, "देते." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी दुपारी आईजवळून हलेना. बाबांना आईवाचून कधी करमलंच नाही. ती माहेरी गेली की हे मागच्या एसटीनं हजर. आता तर आईचं जेवणही कमी व्हायला लागलं. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "ते चल म्हणतात." बाजारात जायचं असावं अशा सुरात.

माझं टाळकंच सटकलं. गॅलरीत जाऊन ओरडले, "बाबा, करमत नसंल तर नसू द्या! जन्मभर तुमच्याच मागं फिरली ना ती? आता तिला न्यायचं नाही. जा तुम्ही!"

"अगं, बापाशी असं बोलतात व्हय?" आई घाबरून म्हणाली. मग गॅलरीकडं बघत राहिली. "गेले," म्हणाली.

खरंच गेले. खोकल्याचं कुणी काही बोललं नाही. आई दोन घास जास्त खायला लागली. मी खूश, जिंकल्यासारखी.

मग एका दुपारी ती जेवता जेवता ताट सारून उठली, गॅलरीचा कठडा धरून उभी राहिली. "करमंना," म्हणाली.

"कुणाला?"

"मला," ती म्हणाली. "मला करमंना गं बाई."

बाबा गेले त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती हंबरडा फोडून रडायला लागली. मला तिला धरवेना. आवाज ऐकून खालची बाई धावत वर आली.

"अगं बाई, काय झालं? कोण गेलं?"

"माझे वडील," मी म्हणाले.