आवाज तुझाच राहू दे

“हिच्या अंगावर टाकलेली नको मले. नवी घडी काढा.”

पाटलीणबाई हे शेठकडं पाहून बोलल्या. मी हातभरावर उभी. त्यांनी पसंत केलेल्या मोरपंखी साडीचा पदर माझ्याच खांद्यावर होता. मलकापुरातल्या साडीच्या दुकानात आमचं कामच ते. गिऱ्हाईक गादीवर बसते, आम्ही पदर खांद्यावर टाकून, निऱ्या पोटाशी धरून दाखवतो. त्याशिवाय साडी खपत नाही. आधी पाटलीणबाईनं मले दोनदा गरकन फिरवलं. “छान पडते,” म्हणाल्या. मंग तोंड निरखलं. “काऊन वं, तू आमच्याच गावची ना? कोणाची?”

मी बापाचं नाव सांगितलं. त्यावरून आमचा बौद्धवाडा त्यांनीच ओळखला. तिथं त्यांचं तोंड आंबट झालं आन् शेठकडं नवी घडी मागितली.

शेठ म्हणे, “हाव ताई, नवा पीस देतो ना.”

त्या रंगाचा पीस एकच होता. शेठले माहीत, मले माहीत. मांगच्या खोलीत त्यानं तीच साडी माझ्याकडून इस्त्री करून घेतली. घडी मीच घातली. नव्या पिशवीत मीच भरली. फक्त द्यायले दुसरीले पाठवलं. पाटलीणबाईनं पिशवी उघडून वास घेतला आन् म्हणाल्या, “आता कशी, कोरी.”

मले किळस आली. त्या बाईची आली, शेठची आली, आन् सगळ्यात जास्त माझी आली. कारण मी गप राह्यली. घरात पगार माझा एकटीचा होता, म्हणून गप राह्यली.

लोक म्हणतात, मोबाइल आला आन् जात गेली. मले बी तसंच वाटे. दुकानाची रोज दुपारी फोनवर लाइव्ह विक्री चाले. मी साडी अंगावर घेऊन दाखवायची, बाया घरी बसून बुक करत. मले गाव विचारणारं कोणी नव्हतं. पण पाटलीणबाई येऊन गेल्या आन् दुसऱ्याच दिवशी शेठ म्हणे, “तू फोनच्या मांगं उभी राह्य. ती नवी पोरगी नेसंन, तू बोल. आवाज तुझाच राहू दे, गिऱ्हाइकाले सवय झाली.”

तीन महिने बोलली मी. तोंड तिचं, आवाज माझा. खाली बाया लिहीत, किती गोड बोलते ही पोरगी. आवाजाले जात नसते, हे शेठले बरोबर समजलं होतं.

मंग जयंती आली. दुकानावर निळा बॅनर लागला. त्यावर हात जोडलेला शेठ, एखाद्या पुढाऱ्यापेक्षा मोठा. मले म्हणे, “त्या दिवशी तू समोर ये. निळी नेस. तुमच्या लोकायले बरं वाटते.”

तिथं माझं डोकं फिरलं. वर्षातून एक दिवस माझं तोंड पाह्यजे होतं त्याले, तेही विकायले.

जयंतीच्या दुपारी मी समोर उभी राह्यली. घरून आलेल्या ड्रेसवरच. शेठ फोन धरून डोळे वटारून राह्यला होता. पाहणाऱ्या बायायमधी पाटलीणबाईचं नाव दिसलं. मी म्हटलं, “काकू, तुमची मोरपंखी साडी माझ्या अंगावरचीच होती. दुसरी नव्हतीच. घडी मीच घातली. तुम्ही लग्नात नेसल्या, मिरवल्या, फोटो टाकले. काही झालं का तुम्हाले?”

शेठनं फोन बंद केला. “अक्कल हाय का तुले? वाटोळं केलं माझ्या दुकानाचं.”

“होऊ द्या,” म्हटलं आन् निघाली.

तो व्हिडिओ गावोगाव फिरला. आमच्या वाड्यातल्या काहींनी शाबासकी दिली. बाप म्हणे, “खरं बोलली, पण खाशीन काय?” त्याचं चूक नाही. मी बी काही मोठी शूर नाही. खोटी घडी घालणारे हात माझेच होते, ते मी विसरली नाही.

दोन दुकानांत मले पाहताच नाही म्हणाले. तिसऱ्या दुकानदारानं परवा सांगितलं, “काम हाय. फोनवर बोलायचं. समोर यायची काही गरज नाही.” पगार पहिल्यापेक्षा जास्त सांगितला.

मी त्याले नाही म्हटलं. माझा आवाज पाह्यजे असंन तर तोंडासकट, गावासकट, वाड्यासकट घ्या लागंन. नसंन घ्यायचा तर बाजारात जमिनीवर भाजी घेऊन बसीन. फोनच्या मांगं उभी राहणार नाही.