लांबून दिसला पाहिजे

आमच्या मामांइतका लांबून दिसणारा माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नाही. उंचीने ते बेताचेच आहेत आणि आवाजही मोठा नाही. पण बाजाराच्या दिवशी, पाचशे पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीत, मामा नेमके कुठे आहेत हे कुणालाही दाखवता येतं. त्याचं कारण त्यांचा कोट. लालभडक, गळ्यापर्यंत पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर आणि छातीवरून तिरका गेलेला सोनेरी गोफ. हा आमच्या आट्यापाट्या संघाचा गणवेश आहे, हे मात्र जवळ जाऊनही कुणाला कळत नाही. मामांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर अडलेलं होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. तरुणपणी ते आट्यापाट्या खेळले, मग खेळवू लागले. जमिनीवर पाट्या आखायच्या, एकाने पाटीवर उभं राहून वाट अडवायची आणि समोरच्याने हुलकावणी देऊन निसटायचं. खेळायला चेंडूही लागत नाही. मामांच्या मते हाच घोटाळा झाला. "चेंडू न्हाई, बॅट न्हाई, हातात धरायला कायबी न्हाई," ते म्हणत. "पोरं रस्त्यानं चालली तर कुनाला कसं कळावं कशाची हायत? खेळ मरतो तो खेळनारं न्हाई म्हणून न्हाई मरत, दिसत न्हाई म्हणून मरतो." म्हणून त्यांनी खेळायच्या बनियनवर घालायला सगळ्या संघाला कोट शिवायचे ठरवले आणि उदगीरच्या एका टेलरला एकच सूचना दिली: लांबून दिसला पाहिजे. त्या बिचाऱ्याने जन्मभर लग्नाच्या बँडवाल्यांचेच कपडे शिवलेले. लांबून दिसणारा दुसरा कपडा त्याला माहीतच नव्हता. वर त्याने हौसेने तुरा लावलेली एक टोपीही शिवून दिली. मामांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "ही मॅनेजरला." मॅनेजर मी होतो. शाळेत शिकवतो, त्यामुळे पोरांना घेऊन जायला मीच लागायचो. ती टोपी मी वर्षानुवर्षं पिशवीत घडी घालून ठेवली आणि मामांनी विचारलं की ऊन नाही, वारा फार आहे, असं काहीबाही सांगत आलो.

मामांचा एक नियम होता. खेळाचं नाव आपण होऊन सांगायचं नाही. सांगून कळलं तर ते ओळखणं नाही. कधीतरी एखाद्या अनोळखी माणसाने कोट पाहावा आणि न विचारता म्हणावं, आट्यापाट्यावाले ना तुम्ही? एवढ्यासाठी ते एसटीत अनोळखी माणसासमोर छाती काढून बसत आणि वाट पाहत. लोक विचारत ते भलतंच. अहमदपूरच्या स्टँडवर एक गृहस्थ बराच वेळ निरखून शेवटी म्हणाले, "काय रेट हाय?"

"कशाचा?"

"बँडचा ओ."

"आमी वाजवत न्हाई," मामा शांतपणे म्हणाले. "आमी पळतो."

"मागल्या टायमाचेबी ॲडव्हान्स घेऊन पळालेच की!"

मी तेव्हा पेपर उघडून मामांचा नसल्यासारखा बसलो होतो, हे इथे लिहून टाकतो. नांदेड स्टेशनवर तर एका प्रवाशाने मामांच्या डोक्यावर सरळ ट्रंकच ठेवली. लाल कपडा, दुसरं कोण असणार? मामा ती घेऊन जिना चढले, पूल ओलांडला, पलीकडच्या फलाटावर उतरले. परत आल्यावर मी चिडून विचारलं, "मामा, सांगायचं ना त्याला!" ते धापा टाकत म्हणाले, "अरे, वाटलं जिना चढेपर्यंत तरी इचारंल, हमालाच्या कोटाला गोफ कसा म्हणून." त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. अपमान गिळणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्याला अपमान दिसतच नाही, असा माणूस मी हा एकच पाहिला.

स्वतःच्या मुलीच्या लग्नातही ते कोट घालूनच उभे राहिले. घरच्यांचा फोटो काढताना फोटोग्राफर म्हणाला, "बँडवाले काका, जरा बाजूला व्हा." मामा बाजूला झाले. त्या फोटोत मुलीचा बाप नाही. मामी अजून म्हणतात, "लोक सांगतेत, बापानं वाजवत वाजवत लेक सासरी घातली."

मुरूडचं लग्न मात्र मी विसरणार नाही. सामना खेळून परत येताना मांडवाच्या दारात आमची जीप थांबवली गेली. ठरलेला बँड आलाच नव्हता आणि नवरीचा बाप हात जोडून उभा. "कुनीबी असा, पन वाजवा." मी पळ काढायच्या बेतात, तर मामा त्याला म्हणाले, "वाजवायचं जमनार न्हाई. पन तुमचं वऱ्हाड रिकामं बसनार न्हाई, एवढं बघतो." त्यांनी मांडवासमोर चुन्याची फक्की मागवून पाट्या आखल्या. पाट्यांवर नवरीकडची माणसं उभी केली आणि नवरदेवाला सांगितलं, निसटून दाखवा. मुंडावळ्या सावरत तो धावला आणि तिसऱ्या पाटीवर नवरीच्या मावशीने त्याला असा धरला की सगळा मांडव उभा राहिला. बँड नव्हता, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पण पोरांचं दुखणं खरंच होतं. गेल्या वर्षी संघाची कप्तान माझ्याकडे आली. "सर, आम्ही मन लावून खेळतो. पण लोक आधी हसतेत, मग खेळ बघतेत. काही जण तर हसून निघून जातेत. तुम्ही बोला ना मामांशी." एका देणगीदाराने निळे, चकचकीत टी-शर्ट देऊ केले होते. मी एक नमुना घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी तो बोटांत धरून पाहिला.

"लांबून दिसतं का?"

"दिसतं."

"काय दिसतं?"

मी शर्ट उलटून पाठीकडची बाजू दाखवली. ते म्हणाले, "पोरांचा खेळ हाय. पोरं घालतील तेच खरं." आणि शर्टाची माझ्याहून नीट घडी घालून तो परत दिला.

नांदेडच्या सामन्यांना एसटीने निघालो तेव्हा अख्खा संघ निळा आणि त्यात एकटे मामा लाल. चाकूरला गाडी थांबली. चहावाल्याने पोरांना पाहताच खुर्च्या पुसून दिल्या. "या, या! क्रिकेटवाले ना? कोन जिंकलं?" पोरं खूश होती. मामा गाडीतच बसून राहिले. तेवढ्यात पेरूची पाटी घेतलेली एक बाई खिडकीशी आली, कोटाकडे पाहून थबकली आणि म्हणाली, "अव्वा! आट्यापाट्यावाले न्हाई का तुमी?"

मी शेजारीच होतो. या क्षणासाठी मामांनी एक छोटं भाषण तयार ठेवलं होतं. ते मला पाठ होतं. मामा त्यातला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "हाव."

"मुरूडला माझ्या भाचीच्या लग्नात तुमी खेळ मांडलता की! नवरदेवाला म्याच धरलता तिसऱ्या पाटीवर. पोरं कुठं हायत तुमची?"

मामांनी चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं.

"ती? न्हाई ओ, ती क्रिकेटची हायत," बाई ठामपणे म्हणाली आणि पुढच्या खिडकीकडे गेली.

गाडी सुटली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मामांनी कोटाची बटणं एकेक करून गळ्यापर्यंत लावली. लोहा गेल्यावर हळूच म्हणाले, "ती काय म्हनली रे?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा, "सुरवातीला काय म्हनली?" नांदेड येईपर्यंत मी तेच सांगत होतो आणि दर वेळी ते नव्याने ऐकत होते.

आता मामांचे गुडघे गेलेत. ते घरीच असतात आणि संघाला मी नेतो. पोरं निळ्यातच खेळतात, छान खेळतात. मागच्या खेपेला चाकूर आलं तसा मी खिडकीतून त्या बाईला शोधत होतो. ती दिसली नाही. मग मी पिशवीतून ती टोपी काढली, चुरगळलेला तुरा सरळ केला आणि डोक्यावर घातली. समोरच्या बाकावरचा माणूस टक लावून पाहू लागला. कान तापले माझे. पण मी खेळाचं नाव सांगितलं नाही. छाती थोडी पुढे काढली आणि तो काय म्हणतो याची वाट पाहत बसलो.